पिंपलचं जेल आणि निळा अभ्रा

लातूरला नीटच्या तयारीसाठी राहणाऱ्या माझ्या भाचीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरट डाग पडले. खोलीतल्या पोरींनी खापर फोडलं साबणावर. डाग होते पिंपलच्या जेलचे! क्लिंडामायसिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड अशी जोडी असलेल्या जेलमधलं हे दुसरं औषध कपड्याचा रंग उडवतं. म्हणून जेल पूर्ण वाळल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि अभ्रा, टॉवेल पांढराच वापरायचा.

जोडी उगाच नसते. नुसतं क्लिंडामायसिन महिनोन्‌महिने चोपडलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. पेरॉक्साइड सोबत असलं तर ती शक्यता कमी होते. रात्री तोंड धुऊन, टिपून कोरडं करून, वाटाण्याएवढं जेल पिंपल येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावा. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडा. सुरुवातीला चुरचुरतं, सालं निघतात. फारच झालं तर दिवसाआड लावा. फरक दिसायला 4 ते 8 आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता 12 आठवड्यांपुढे जाऊ नका.

आपल्याकडचं ऊन माहीतच आहे, सनस्क्रीन आणि स्कार्फ हवाच. ट्यूब पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी ठेवू नका.

जुलाब थांबेनात किंवा चेहरा सुजला, तर जेल बंद करून लगेच दवाखाना गाठा. आतड्याचा जुना आजार असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि मेडिकलवाल्याने ‘गोरं करणारी’ म्हणून स्टेरॉइडची क्रीम पुढे केली, तर सरळ परत करा. तिनं पिंपल आणखी फोफावतात.