ट्यूबवरून नदीत पडल्यास उभे राहू नका
ट्यूबवर बसून नदीत उतरण्यापूर्वी लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत आणि सोबत्याला ते खांद्यांजवळ धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे. ट्यूब उलटली की पाय टेकवण्याचा मोह होतो, पण नवख्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की वाहत्या पाण्यात तसे करू नये, कारण तळाच्या दगडांच्या फटीत पाऊल अडकले, तर मागून येणारा जोर माणसाला पुढे वाकवून कमरेइतक्या पाण्यातही बुडवतो. पाठीवर तरंगत, पावले प्रवाहाच्या दिशेने आणि पृष्ठभागाजवळ ठेवून, हातांनी पाणी मारत संथ काठाकडे यावे. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडापासून दुरूनच बाजूला व्हावे. ट्यूबची दोरी अंगाला कधीही बांधू नये.