रक्ताच्या कॅन्सरचा पेशंट घरात असताना कांजिण्या आणि नागीण : या चुका टाळा

थंडी सरून जोतिबाच्या चैत्र यात्रेचे वेध लागतात, त्याच सुमारास कोल्हापूरच्या गल्ल्यांत कांजिण्याही निघतात. निरोगी पोराला आठवडाभर ताप, खाज, मग खपल्या. कुणी फारसं मनावर घेत नाही. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशंटमध्ये हाच विषाणू फुप्फुसं, यकृत आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यावर औषध आहे, फक्त ते वेळेत सुरू व्हायला हवं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, आता काय होतंय?" कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि त्याला दाबून ठेवण्याचं काम मुख्यतः टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, करतात. ल्युकेमियानं, किमोनं आणि स्टिरॉइडनं या पेशी दुबळ्या झाल्या, की तोच विषाणू नागीण होऊन बाहेर येतो. रक्तात अँटिबॉडी (विषाणूशी लढणारी प्रथिनं) आहेत असा रिपोर्ट आला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. नागीण रोखायला तेवढ्या अँटिबॉडी पुरत नाहीत. शिवाय नुकतंच रक्त, प्लाझ्मा किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटिबॉडी) चढवलं असेल, तर रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या अँटिबॉडी रक्तदात्याच्याही असू शकतात.

पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, हाही गैरसमजच. त्या पेशी संख्येनं भरपूर असतात, पण विषाणूशी लढायच्या कामाच्या नसतात. वयस्कर माणसांत दिसणाऱ्या सावकाश वाढणाऱ्या प्रकारात, म्हणजे सीएलएलमध्ये, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशीच बिघडलेल्या असतात. त्यामुळे उपचार सुरू नसतानाही अँटिबॉडी हळूहळू घटत जातात. "आजोबांना अजून गोळीसुद्धा नाही, नुसती तपासणी चालू आहे," असं म्हणणाऱ्या घरांनीही म्हणूनच सावध राहायला हवं.

आता नागिणीबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त वेळ इथंच वाया जातो. पुरळ उठायच्या आधी काही दिवस एकाच बाजूला आग होते, ठणकतं. घरचे म्हणतात उसण भरली, आणि शेक देत बसतात. कधी पुरळ दिसायच्या आधी पोटात जबर कळा येतात. स्टिरॉइड चालू असेल तर ताप येईलच असं नाही, म्हणून तापाची वाट बघू नका. पुढं फोड आले की काव लावणं, मंत्र घालून घेणं सुरू होतं. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो, ही भीतीही गावोगावी आहे. खरा धोका वेगळा आहे. एका पट्ट्यात राहणारी नागीण ल्युकेमियात अंगभर पसरू शकते. फोडांवर लेप लावला की जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि डॉक्टरांना पुरळही नीट दिसत नाही. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध जितकं लवकर, शक्यतो 72 तासांच्या आत सुरू होईल, तितकं चांगलं; आजार पसरला असेल तर ते शिरेतून द्यावं लागतं. 72 तास उलटले म्हणून घरी थांबू नका, ल्युकेमियात त्यानंतरही उपचार करतातच. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कांजिण्यांचा संपर्क लपवू नका, विसरूही नका. पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्याला लागण देतं. म्हणजे काल चुलतभाऊ शेजारी बसून जेवला आणि आज त्याच्या अंगावर फोड दिसले, तर किमो चालू असलेल्या पोराच्या डॉक्टरांना आजच फोन करायचा. अशा वेळी द्यायचं खास इम्युनोग्लोब्युलिन 96 तासांच्या आत दिलेलं उत्तम, 10 दिवसांपर्यंतही देतात. ते मिळालं नाही तर डॉक्टर असायक्लोव्हिरचा विचार करतात. चंदगड-गडहिंग्लजच्या घरांनी पुढच्या किमोच्या तारखेपर्यंत थांबणं म्हणजे हे दिवस हातचे घालवणं. लक्षणांवर 21 दिवस लक्ष ठेवायचं, इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर 28. बाई आल्यात म्हणून दहीभाताचा नैवेद्य दाखवा, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा. दवाखाना मात्र चुकवू नका. तापाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

लसींचाही गोंधळ होतो. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे किमो चालू असलेल्या पेशंटला ती देत नाहीत. भावंडांना ती दिलेली बरी, पण लसीनंतर त्यांना पुरळ आलं तर पेशंटपासून लांब ठेवा. पल्स पोलिओच्या रविवारी भावंडांना थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण त्या थेंबांतही जिवंत विषाणू असतो. अशा घरातल्या मुलांसाठी पोलिओचं इंजेक्शन योग्य. मोठ्यांसाठीची नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही. सीएलएलमध्ये तिचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून ती घेतली तरी डॉक्टरांनी चालू ठेवलेली असायक्लोव्हिरची गोळी मनानं बंद करू नका.

आणि अंगावर फोड असताना पेशंटला घेऊन थेट किमोच्या वॉर्डात शिरू नका. आधी फोन करा, बाहेर थांबा. शेजारच्या खाटेवरच्या पोराचे काउंटही (रक्तातल्या पेशींची संख्या) तितकेच खाली असतात.