पोटाच्या तक्रारींची प्रश्नावली मराठीत आणताना

एमडीच्या प्रबंधासाठी मी सोलापुरात जीएसआरएस (गॅस्ट्रोइंटेस्टाइनल सिम्प्टम रेटिंग स्केल) ही पोटाच्या तक्रारींची प्रश्नावली मराठीत आणली. असं काम नव्याने हाती घेणाऱ्यांना आधीच सांगते, भाषांतराला जेवढा वेळ धराल, त्याहून कितीतरी जास्त वेळ रुग्णांशी बोलण्यासाठी राखून ठेवा.

ही प्रश्नावली मूळची स्वीडनमधली, १९८८ सालची. १५ प्रश्न, गेल्या आठवड्यातला त्रास, प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण. जळजळ आणि आंबट पाणी वर येणं, पोटदुखी, अपचन, जुलाब, बद्धकोष्ठता असे पाच गट.

सुरुवात हक्कधारकाच्या लेखी परवानगीने करा, मग एथिक्स कमिटीची (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची) मान्यता घ्या. पुढचा क्रम बीटन आणि सहकारी या संशोधकांनी २००० साली अशा भाषांतरांसाठी मांडलेला आहे: दोघांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरं, त्यांचा एक मसुदा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर (म्हणजे मराठीतून परत मूळ भाषेत), तज्ज्ञांची बैठक आणि ३० ते ४० जणांवर चाचणी. पहिल्या दोघांतला एक जण वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा हवा.

खरं काम चाचणीत आहे. ओपीडीत "समजलं का?" विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी "हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा" आणि "उत्तर देताना काय आठवलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. विडी वळणाऱ्या एका मावशींनी शौचाला घाईने पळावं लागण्याच्या प्रश्नाला सर्वांत वरचा गुण दिला. काय आठवलं म्हटल्यावर म्हणाल्या, "सामाईक संडास आहे, लाईन लागायच्या आत पळावंच लागतंय की मॅडम." पोट त्यांचं ठणठणीत होतं. कागदावर मात्र त्या गंभीर रुग्ण ठरल्या असत्या. मग प्रश्नात "कळ अचानक आली आणि आवरता आली नाही" हे स्पष्ट घातलं, बदल तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवला आणि पुन्हा नव्या रुग्णांना विचारून पाहिला. अशा प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण वहीत लिहून ठेवा. बाहेरचे परीक्षक नेमकं तेच विचारतात.

भुकेने पोटात कळ येण्याचा प्रश्नही असाच. श्रावणात सिद्धेश्वराचे सोमवार धरणारे पुष्कळ आहेत. ते उपवासाची भूक सांगतात आणि ती दुखण्यात मोजली जाते. चाचणी त्या महिन्यात ठेवू नका, नाहीतर उपवासाची वेगळी नोंद घ्या.

सात पायऱ्यांवर रुग्ण अडखळतात. एक तर "काही नाही", नाहीतर "लई त्रास". म्हणून सोयीसाठी सातच्या पाच पायऱ्या करण्याचा मोह होतो. करू नका, इतर ठिकाणच्या गुणांशी तुलनाच होणार नाही. आम्ही पर्याय मोठ्या अक्षरांत एका कार्डावर ओळीने छापले आणि बोट ठेवायला सांगितलं. वाचता न येणाऱ्यांना सगळे पर्याय दरवेळी सारख्याच सुरात वाचून दाखवायचे.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्यांत कन्नड बोलणारे बरेच. शेजारी बसलेली सून प्रश्न तेलुगूत सांगू लागली, की ती मराठी प्रश्नावलीची चाचणी राहत नाही. घरात कोणती भाषा बोलता, हे पहिल्याच पानावर विचारा. ज्यांना मराठी सहज येत नाही, त्यांना अभ्यासात घेऊ नका, त्यांच्या भाषेतली प्रश्नावली वेगळी व्हायला हवी.

आकडेमोडीची धास्ती घेऊ नका. पुनर्चाचणीसाठी, म्हणजे त्याच रुग्णांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेण्यासाठी, औषध न बदललेले, त्रास स्थिर असलेले रुग्ण निवडा आणि दोन्ही वेळांत किमान आठवडा जाऊ द्या. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७० च्या वर आला तर साधारणपणे चालतो, पण तो प्रत्येक गटाचा वेगळा काढा. जळजळीच्या गटात दोनच प्रश्न आहेत, त्यामुळे तिथे तो कमी येऊ शकतो. तेवढ्यावरून प्रश्न गाळू नका. आधी त्या रुग्णांच्या मुलाखतींच्या नोंदी काढून गाइडसोबत बसा.