पाऊस गेला, ऊस उरला: मशीन लर्निंगची साधनं निवडताना

मशीन लर्निंग शिकायला लागलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पायटॉर्च शिकू की टेन्सरफ्लो? (दोन्ही पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतून मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, बांधायची साधनं.) स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. करून कोल्हापूरहून पुण्यात नोकरीला आलो, तेव्हा मीही भेटेल त्याला हेच विचारायचो. काम माझ्यासमोर आधीच होतं. शेतकऱ्यांचे मोबाईलवर आलेले मराठी संदेश कीड-रोग, हवामान, बाजारभाव, पीकविमा अशा गटांत लावायचे. साडेसहा हजार संदेशांना हेल्पलाइनवरच्या लोकांनी हातानं गट लावून दिले होते. ते संदेश नीट न वाचताच मी साधन निवडायला बसलो, आणि त्यात दोन महिने गेले.

त्या दोन महिन्यांतलं तुमच्या उपयोगाचं एवढंच. टेन्सरफ्लो नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हा आधी सगळ्या गणिताचा आराखडा मांडायचा आणि मग ‘सेशन’ उघडून तो चालवायचा, अशी पद्धत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये २.० आवृत्ती आली आणि कोड साध्या पायथॉनसारखा ओळीमागून ओळ चालायला लागला. मी शिकत होतो तो कोर्स त्याच्या आधीचा होता, त्यामुळे त्यातला कोड जसाच्या तसा उतरवला तरी पहिल्याच ओळीला एरर यायचा. पायटॉर्च २०१७ मध्ये आलं ते ओळीमागून ओळ चालणारंच. मधेच थांबवून आकडे छापून बघता येतात म्हणून संशोधकांनी ते उचललं, आणि आज नव्या शोधनिबंधांसोबतचा कोड बहुतेक वेळा त्यातच असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेलं केरास ३ (अशा साधनांवर बसणारा सोपा थर) तर टेन्सरफ्लो, जॅक्स (गूगलचं असंच आणखी एक साधन) आणि पायटॉर्च या तिन्हींवर चालतं. म्हणून आज कोरी पाटी असेल तर पायटॉर्च घ्या. टीमचं काम आधीपासून टेन्सरफ्लोवर उभं असेल तर तेच शिका. विंडोजचा लॅपटॉप असणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्या: टेन्सरफ्लो २.१० आवृत्तीनंतर थेट विंडोजवर जीपीयू, म्हणजे मोठी गणितं झपाट्यानं करणारं ग्राफिक्स कार्ड, वापरत नाही, त्यासाठी विंडोजच्या आत लिनक्स बसवावं लागतं. हे कळेपर्यंत माझा एक आठवडा ड्रायव्हर काढण्या-घालण्यात गेला.

शेवटी आमच्या टीम लीड मॅडमनी विचारलं, “तुझ्याकडे आत्ता चालणारं काय आहे?” काहीच नव्हतं. “मग ते दोन्ही बाजूला ठेव. सायकिट-लर्नमध्ये साधं मॉडेल बनव आणि उद्या संध्याकाळी दाखव.”

सायकिट-लर्न हे पायथॉनमधलं साधी मॉडेल्स बनवायचं साधन, सुरुवात २००७ सालची. आकड्यांचे तक्ते आणि हजारांच्या घरातला मजकूर यासाठी ते अजूनही माझं पहिलं साधन आहे. जीपीयू लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. प्रत्येक शब्दाला वजन देणारी टीएफ-आयडीएफ पद्धत आणि त्यावर ती वजनं बघून गट ठरवणारं लॉजिस्टिक रिग्रेशन, एवढाच माझा डाव. कोड पंचवीस ओळींचाही नव्हता. मॉडेल काही सेकंदांत तयार झालं, पण उत्तरं वाईट होती. हवामानाचे संदेश भलत्याच गटात पडत होते. “इथे मोठं मॉडेलच लागणार,” मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, “आधी त्यानं कोणते शब्द उचललेत ते छापून दाखव.”

मी यादी छापली. त्यात ‘भाव’ नव्हता, ‘विमा’ नव्हता, ‘कांदा’ आणि ‘कापूस’ही नव्हते. ‘शेतकरी’चं ‘तकर’ झालं होतं. आणि जिथे ‘पाऊस’ हवा होता तिथे ‘ऊस’ होता. पावसाची चौकशी करणारे आणि उसाबद्दल विचारणारे, दोघंही मॉडेलला एकच वाटत होते.

कारण साधं आहे, पण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा डोळ्यांनी बघावं. या साधनाचा शब्द ओळखायचा ठरलेला नियम असा: अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर असं सलग दोन किंवा जास्त वेळा आलं की तो शब्द. पायथॉनच्या या नियमात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही चिन्हं अक्षरांत मोजली जात नाहीत. प्रत्येक चिन्हापाशी शब्द तुटतो आणि एकटं उरलेलं अक्षर टाकून दिलं जातं. ‘भाव’मध्ये भ वेगळा, व वेगळा, म्हणून दोन्ही गेले. ‘पाऊस’मध्ये प गेला, ऊ आणि स शेजारी होते म्हणून राहिले. इंग्रजी मजकुरावर हे कधीच दिसत नाही, आणि कोर्समधली उदाहरणं बहुधा इंग्रजीच असतात. उपाय दहा मिनिटांचा निघाला. आधी विरामचिन्हं काढायची, मग मोकळ्या जागेवर शब्द तोडायचे, असं छोटं फंक्शन लिहून ते टोकनायझर, म्हणजे शब्द तोडणारा भाग, म्हणून दिलं. तेच पंचवीस ओळींचं मॉडेल लगेच वापरण्याजोगं झालं.

मोठं मॉडेल आम्ही पुढे वापरलंच. हगिंग फेस या तयार मॉडेल्सच्या संकेतस्थळावर पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं मराठीसाठी तयार केलेली मॉडेल्स आणि डेटासेट आहेत, तिथून सुरुवात करा. तयार मॉडेल घेतानाही आधी शब्द कसे तुटतात ते छापा. बर्ट हे गूगलचं भाषेसाठीचं तयार मॉडेल. त्याच्या बहुभाषिक प्रकाराची ‘अनकेस्ड’ (इंग्रजी मोठी-लहान अक्षरं एकच मानणारी) आवृत्ती मात्रा आणि अनुस्वार पुसून टाकते, मराठीसाठी ‘केस्ड’च हवी. मशीन पुरेल का याचा हिशोबही आधी करता येतो. मूळ इंग्रजी बर्ट-बेसमध्ये ११ कोटी पॅरामीटर (मॉडेल शिकतं ते आकडे), प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे साधारण ४४० एमबी. ॲडम ही शिकवण्याची नेहमीची पद्धत वापरून ट्रेनिंग करताना याच्या चौपट जागा लागते, आणि प्रत्येक बॅचचा, म्हणजे एका वेळी दाखवायच्या उदाहरणांचा, पसारा वेगळा. म्हणजे गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मिळणाऱ्या १६ जीबीच्या टी४ जीपीयूवर हे आरामात बसतं. ७०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल मात्र १६ बिटांतही (प्रत्येकी २ बाइट) नुसतं उघडायलाच १४ जीबी खातं. स्वतःचा जीपीयू विकत घेण्यासाठी घरच्यांकडे पैसे मागण्याआधी हा गुणाकार कागदावर करा.

तक्त्यातला डेटा असेल, म्हणजे पीक, तालुका, क्षेत्र, तारीख असे रकाने, तर डीप लर्निंगकडे, म्हणजे बर्टसारख्या मोठ्या मॉडेल्सकडे, वळूच नका. आधी एक्सजीबूस्ट, म्हणजे हो-नाही प्रश्नांची अनेक छोटी झाडं जोडणारं साधन, चालवून बघा.

आवृत्त्यांबद्दल मी हट्टी आहे. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्याच्या लायब्ररींची वेगळी खोली) आणि प्रत्येक लायब्ररीच्या आवृत्तीचा नेमका आकडा फाइलमध्ये लिहिलेला हवाच. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली आणि जुन्या नमपायवर बांधलेली कितीतरी पॅकेजेस नव्यासोबत चालेनाशी झाली. ज्यांनी आकडे लिहून ठेवले होते त्यांचं काम सुरू राहिलं. सायकिट-लर्नमध्ये साठवलेलं मॉडेलही दुसऱ्या आवृत्तीत उघडेलच याची हमी नसते. म्हणून मॉडेलशेजारी आवृत्ती लिहून ठेवतो.

आमच्या कामात शेवटी ज्या चुका उरल्या, त्या कोणत्याच साधनानं सुटणाऱ्या नव्हत्या. “पावसानं कांदा सडला, विमा मिळेल का?” हे हवामान की विमा? हाताने गट लावणाऱ्यांनीही असे संदेश कधी इकडे, कधी तिकडे टाकले होते. मी हेल्पलाइनवरच्या दोघींसोबत तीन दुपारी बसलो. त्यांनी नियम सांगितला: काय घडलं ते बघायचं नाही, माणूस काय मागतोय ते बघायचं. त्या नियमानं आम्ही चारशे संदेशांचे गट पुन्हा लावले आणि मॉडेल परत चालवलं.