१८०० ची अमेरिकी निवडणूक: मतमोजणी स्वतः करून पाहा

थॉमस जेफरसन आणि ॲरन बर या एकाच (रिपब्लिकन) पक्षाच्या दोघा उमेदवारांना प्रत्येकी ७३ मतं पडली आणि निकाल लागायला प्रतिनिधीगृहात ३६ फेऱ्या लागल्या, एवढं बहुतेक पुस्तकांत सापडतं. असं का झालं, हे मात्र आकडे कागदावर मांडल्याशिवाय नीट उमगत नाही. तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

कागदाच्या डोक्यावर आधी तेव्हाचा नियम लिहा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच निघाला. प्रत्येक निर्वाचकाला (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याने नेमलेल्या माणसाला) दोन मतं. दोन्ही मतं राष्ट्राध्यक्षपदासाठीच. अमुक अध्यक्ष, तमुक उपाध्यक्ष असं लिहायची सोय नव्हती. दोनपैकी किमान एक मत परराज्यातल्या माणसाला द्यायचं. सर्वाधिक मतं मिळवणारा अध्यक्ष (पण बहुमत हवं), त्याच्या खालचा उपाध्यक्ष. बहुमतवाल्यांत बरोबरी झाली, तर निवड प्रतिनिधीगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने करायची.

आता दोन रकाने आखा. रिपब्लिकन (आजच्या पक्षाशी याचा संबंध जोडू नका): व्हर्जिनिया २१, न्यूयॉर्क १२, पेनसिल्व्हेनिया ८, नॉर्थ कॅरोलायना ८, साउथ कॅरोलायना ८, मेरीलँड ५, जॉर्जिया ४, केंटकी ४, टेनेसी ३. बेरीज ७३. फेडरलिस्ट: मॅसॅच्युसेट्स १६, कनेक्टिकट ९, न्यूजर्सी ७, पेनसिल्व्हेनिया ७, न्यू हॅम्पशायर ६, मेरीलँड ५, ऱ्होड आयलंड ४, व्हरमाँट ४, नॉर्थ कॅरोलायना ४, डेलावेअर ३. बेरीज ६५. तीन राज्यं दोन्ही रकान्यांत आली, कारण तिथली मतं फुटली होती. दोन्ही बेरजा मिळून १३८ आल्या नाहीत, तर एखादं राज्य सुटलंय असं समजा.

बहुमताचा आकडा काढताना हमखास चूक होते. १३८ निर्वाचकांची प्रत्येकी दोन म्हणजे २७६ मतं झाली, म्हणून बहुमत १३९, असं गणित मांडलं जातं. पण घटनेत बहुमत निर्वाचकांच्या संख्येचं धरलंय, मतांच्या नाही. १३८ चं बहुमत म्हणजे ७०. जेफरसन ७३, बर ७३. दोघंही रेषेच्या वर आणि दोघंही समसमान. फेडरलिस्टांचे जॉन ॲडम्स ६५ वर, म्हणजे रेषेच्या खालीच. त्यामुळे प्रतिनिधीगृहाला फक्त या दोघांतूनच निवड करायची होती.

बरोबरी का झाली हे समजायला १७९६ चे आकडे शेजारी लिहा: ॲडम्स ७१, जेफरसन ६८, फेडरलिस्टांचे दुसरे उमेदवार थॉमस पिंकनी ५९. तेव्हा फेडरलिस्ट निर्वाचकांनी आपलं दुसरं मत हवं तसं उधळलं आणि विरोधी पक्षाचा जेफरसन उपाध्यक्ष होऊन बसला. त्यातून शिकून १८०० मध्ये दोन्ही पक्ष शिस्तीत वागले. फेडरलिस्टांनी खबरदारी घेतली होती: ऱ्होड आयलंडच्या एका निर्वाचकाने यावेळचे दुसरे उमेदवार चार्ल्स पिंकनी (थॉमस यांचे भाऊ) यांच्याऐवजी जॉन जे यांना मत दिलं, म्हणून त्यांची जोडी ६५ आणि ६४ अशी राहिली. रिपब्लिकनांकडून तेवढं एक मत बाजूला काढायचं राहून गेलं. माझ्या मते याला अपघात म्हणणं चूक आहे. पक्षच नसतील असं धरून लिहिलेल्या नियमावर पक्षशिस्त चालवली, की हेच होणार.

पुढची पायरी प्रतिनिधीगृहाची. प्रत्येक राज्याच्या निर्वाचकांतून २ वजा केले की त्याच्या जागा मिळतात, कारण ते २ सिनेटचे. व्हर्जिनिया १९, डेलावेअर १. पण अध्यक्ष निवडताना राज्यागणिक एकच मत, म्हणजे डेलावेअरचे एकटे फेडरलिस्ट सदस्य जेम्स बेयर्ड व्हर्जिनियाच्या १९ जणांच्या तोडीचे! राज्यं १६, हवीत ९. ११ फेब्रुवारी १८०१ च्या पहिल्या फेरीत जेफरसनला ८ आणि बरला, जेफरसन नको म्हणणाऱ्या फेडरलिस्टांच्या पाठिंब्याने, ६ राज्यं मिळाली. व्हरमाँट आणि मेरीलँडचे सदस्य निम्मे-निम्मे विभागलेले, म्हणून त्यांची मतं बाद. पस्तीस फेऱ्या हे असंच चाललं. १७ फेब्रुवारीला बेयर्ड बाजूला झाले, व्हरमाँट आणि मेरीलँडच्या फेडरलिस्टांनीही हात आखडता घेतला. ती दोन राज्यं जेफरसनकडे गेली, डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना कोरी राहिली: जेफरसन १०, बर ४. इथे लक्षात घ्या, एकाही फेडरलिस्टाला जेफरसनला मत द्यावं लागलं नाही. मत न देणंच पुरेसं ठरलं. १८०४ च्या १२व्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली.

शेवटचं गणित अनेक पुस्तकं गाळतात, तुम्ही गाळू नका. राज्यांना लोकसंख्येनुसार प्रतिनिधीगृहाच्या जागा वाटताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरली जायची. मतदानाचा हक्क मात्र त्यांना अजिबात नव्हता. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०, त्यात गुलाम २,९२,६२७. दर ३३,००० ला एक जागा, अपूर्णांक सोडायचा. तीन-पंचमांश धरले तर ६,३०,५५९ होतात, म्हणजे १९ जागा. गुलाम वगळले तर ४,५४,९८३, म्हणजे १३. सहाचा फरक! साउथ कॅरोलायनात (२,४९,०७३, पैकी गुलाम १,०७,०९४) हाच हिशेब ६ वरून ४ वर येतो. ७३ मधून हे ८ वजा करा: ६५ विरुद्ध ६५. न्यूयॉर्क, जॉर्जिया आणि केंटकीतही एकेक जागा घटते. मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रत्येकी दोन जागा कमी होतात, पण तिथे जिल्हावार निर्वाचक निवडले जात, म्हणून त्या कोणाच्या खात्यातून वजा करायच्या हे नुसत्या बेरजेवरून ठरत नाही. ती राज्यं वेगळ्या रकान्यात ठेवा.