अंगभर साबण कशाला?

अंघोळीला साबण जरूर घ्या, पण काखा, जांघा आणि पावलांपुरता. दंड, पोटऱ्या, पाठ यांना एरवी नुसतं पाणी पुरतं. चिखल-तेल लागलं असेल तर गोष्ट वेगळी. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ५ च्या आसपास. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या तिथल्या कायमच्या रहिवासी जिवाणूंना हे मानवतं, उपद्रवी जंतूंना तितकंसं नाही. साबणाच्या नेहमीच्या वडीचा सामू मात्र ९ ते १० असतो. ती अंगभर चोळली की आम्लता आणि तेल दोन्ही जातात, आणि घडी बसायला काही तास लागू शकतात. अंघोळीनंतर त्वचा ओढते, ती स्वच्छतेची खूण नव्हे!

काखेत साबण का, तर ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. तिथले कोरिनेबॅक्टेरियमसारखे जिवाणू घामातले घटक फोडतात, तेव्हा दर्प येतो.

‘अँटिबॅक्टेरियल’ साबणाला जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसॅनसह १९ जंतुनाशक घटक अशा साबणांतून बाद केले. साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं.

नुसत्या पाण्याची सवलत तळहातांना मात्र नाही. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने २० सेकंद धुवा.