रायफल आधी टेबलावर, मग रेंजवर

पोळा झाला की आमच्या हॉलमध्ये माळ्यावरचं फोल्डिंगचं टेबल उतरतं. त्यावर जुनी सतरंजी, सतरंजीवर लेकीची दहा मीटरची एअर रायफल, बाजूला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन), स्क्रू फिरवायच्या अॅलन कीचा संच, टॉर्च आणि एक दोनशे पानी वही. शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात, पाठोपाठ विभागीय आणि राज्य. ती माळ एकदा लागली की काही तपासायला सवड मिळत नाही.

मी सातपूरला एमआयडीसीत टूल रूममध्ये बावीस वर्षं काढली. नेमबाजी मी शिकलेलो नाही, पण माप घ्यायला शिकलोय, आणि या कामात तेच लागतं. आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्य जिंकलं, तेव्हापासून रेंजवर नवी पोरं बरीच दिसतात. त्यांचे आईवडील मला विचारतात, "काका, रायफल घेतली, आता काय बघायचं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी बालेवाडीला लेकीची मॅच होती. सुरुवातीचे शॉट छान पडले, गुण १०.२, १०.४, १०.१. मग पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, डबा संपला. मी नवा दिला. तीच कंपनी, तेच लेबल, तेच ४.५० माप. त्यानंतर ९.३, ८.९, ९.६, एक डावीकडे, एक खाली. परतीच्या गाडीत संगमनेरपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, माझंच चुकतंय. मला जमणार नाही." घरी आल्यावर दोन्ही डबे उलटे करून पाहिले. तळाशी छापलेले लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचे नंबर, वेगळे होते. दुसऱ्या दिवशी रेंजवर रायफल टेकवून दोन्ही लॉट मारून बघितले. जुन्या लॉटच्या दहा गोळ्या जवळपास एकाच भोकात गेल्या, नव्याच्या तिप्पट जागेत पसरल्या. पोरीच्या हातात काही बिघडलं नव्हतं. तरी एक अख्खी रात्र तिनं तो दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. हंगामाआधी तपासायचं ते एवढ्यासाठी. हत्यार आणि गोळी यांच्यातली शंका आपण आधीच काढून टाकली, की पोराला फक्त स्वतःच्या नेमाकडे बघायचं राहतं.

काम सुरू करण्याआधी सुरक्षेचं. नळी रिकामी आहे हे दाखवायला तिच्यात रंगीत दोरा घातलेला, बोल्ट उघडा, तोंड कायम एकाच सुरक्षित दिशेला. घरात पेलेट आणि रायफल एका टेबलावर आणायच्या नाहीत. चाचणीची गोळी रेंजवरच झाडायची. गच्चीवर किंवा गल्लीत अजिबात नाही, ४.५ मिमीची गोळी डोळा कायमचा घालवते. कायद्याचंही ध्यानात ठेवा. आपल्याकडे .१७७ इंचापेक्षा (४.५ मिमी) मोठ्या बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, किंवा २० जूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन असेल तर परवाना लागतो. मॅचची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमची गोळी सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सोडते, म्हणजे साडेसात-आठ जूल. ती मर्यादेच्या बरीच आत आहे. बॅग खांद्याला लावून आम्ही नाशिकरोडला उतरलो की कोणीतरी हमखास विचारतं, "शिकारीला का?" शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. हरणं बघायची तर येवल्याजवळ ममदापूरला जा, काळवीटांचे कळप आहेत. बरोबर दुर्बीण न्या.

आता रायफल. पहिल्यांदा स्क्रू. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या स्टॉकला अॅक्शन (नळी आणि ट्रिगरचा यांत्रिक भाग) धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात. ते एक पाव फेरा ढिले झाले तरी गोळी जागा सोडते, आणि बाहेरून काही कळत नाही. रायफलीच्या पुस्तिकेत टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते माप, दिलेला असतो, टॉर्क की आणून तेवढाच द्या. हाताच्या अंदाजानं आवळू नका, जास्त आवळलेलाही तितकाच वाईट. मग नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर येणारी एक बारीक सलग रेघ ओढा. गोदेला पूर किती आलाय हे आपण दुतोंड्या मारुतीकडे एक नजर टाकून सांगतो, तशी ही रेघ. तुटलेली दिसली की स्क्रू हललाय. मागच्या साइटच्या (ज्यातून बघून नेम धरतात तिच्या) पट्टीला, गालाच्या पट्टीला, बट प्लेटला, सगळीकडे अशीच रेघ. माझी लेक आता बॅगेतून रायफल काढली की आधी रेघांवरून बोट फिरवते.

गोळी ढकलणारी दाबलेली हवा ज्यात भरतात, त्या सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा. बहुतेक सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेली नाही हे बघणं खेळाडूचीच जबाबदारी धरतात. जुनी रायफल घेताना लोक नळी बघतात, लाकूड बघतात, ही तारीख बघायची राहते. गळती तपासायची तर २०० बारपर्यंत हळूहळू भरा, कारण घाईत भरलं की हवा तापते आणि निवल्यावर काटा आपोआप उतरतो. तासाभरानं आकडा वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. इथे एक घोळ होतो. ऑक्टोबरच्या दुपारी ३५ अंशात भरलेला २०० बारचा सिलिंडर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशात १८५ च्या जवळ दाखवतो. ती गळती नसते, हवा थंड झाली इतकंच. म्हणून आकड्याशेजारी तापमान लिहायचं. एकाच तापमानाला काटा उतरला तर मात्र वॉशर गेला समजा आणि जाणकाराकडे द्या. जोडावर मशीन ऑइल किंवा ग्रीस लावायचा मोह होईल, लावू नका. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. उन्हात उभ्या गाडीत सिलिंडर ठेवायचा नाही.

रेंजवर आणखी एक बघून ठेवा. पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून गोळ्या मारत जा आणि दर दहा शॉटला काटा टिपा. कधीतरी ग्रुप, म्हणजे एकत्र पडलेल्या गोळ्यांचा पुंजका, खाली सरकायला लागतो. तो आकडा तुमच्या रायफलीचा तळ. मॅचमध्ये त्याच्या बरंच वर असतानाच बदलायचं किंवा भरायचं.

साइटची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण ती खोटं बोलत नाही. रायफल टेकवून एका टार्गेटवर तीन गोळ्या मारा. मग साइटचा नॉब फिरवून (तो एकेक टिकटिक करत सरकतो, तीच क्लिक) वीस क्लिक उजवीकडे, तीन गोळ्या. वीस क्लिक वर, तीन गोळ्या. वीस डावीकडे, तीन. वीस खाली, शेवटच्या तीन. नेम पूर्ण वेळ मधल्या काळ्यावरच ठेवायचा. कागदावर चौकोन उमटतो, आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींच्या भोकात परत आल्या पाहिजेत. नाही आल्या तर साइटमध्ये कुठेतरी ढिलाई आहे. मग फिरवताना कायम दोन-चार क्लिक पुढे जाऊन एकाच बाजूनं मागे यायची सवय लावा, लेथच्या स्लाइडचा बॅकलॅश (आट्यांतला ढिलेपणा) काढतो तसं. चौकोनाची बाजू मोजून वीसनं भागली की एका क्लिकला किती सरकतं ते कळतं. आमच्याकडे वीस क्लिकला ५ मिमी येतात. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरनं रुंद, म्हणजे आमच्या दहा क्लिकला एक रिंग. हा हिशोब पोराला तोंडपाठ हवा, मॅचमध्ये विचार करत बसायला नको.

पेलेटला मात्र वेळ द्या. त्यात कंटाळा केला की बालेवाडी होते.

चार-पाच लॉटचे एकेक डबे आणा. ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे डोक्याचे व्यास मिळतात, कुठल्या नळीला कुठला मानवेल हे मारल्याशिवाय कळत नाही. शेजारच्या मुलाला ४.४९ चांगला जातो म्हणून आपल्यालाही जाईल असं नाही. मारण्याआधी पेलेट काचेवर ओळीनं ठेवून टॉर्चच्या उजेडात बघा. मागचा पोकळ घेर फार पातळ असतो, डबा एकदा पडला तरी त्याला पोचा येतो. शंका आली तर काचेवर घरंगळू द्या, पोचा आलेला अडखळतो. असे बाजूला काढून सरावाला ठेवा.

रायफल टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाच्या दोन पिशव्या शिवा, आत धुतलेली कोरडी वाळू. स्टॉकचा पुढचा भाग पिशवीवर, मागचा दुसऱ्या पिशवीवर. नळी कधी टेकवायची नाही आणि व्हाइसमध्ये तर धरायचीच नाही. नळी नुकतीच फेल्टच्या बोळ्यानं साफ केली असेल तर आधी दहा-पंधरा गोळ्या वाया घालवा, ती बसायला तेवढ्या लागतात. मग प्रत्येक लॉटच्या पाच-पाच गोळ्यांचे किमान चार ग्रुप. एका लॉटचे चारही ग्रुप सलग मारू नका. अ, ब, क, ड असा एक फेरा, मग ड, क, ब, अ असा उलटा फेरा, आणि हेच पुन्हा एकदा. नाहीतर जो लॉट शेवटी आला त्याच्या वाट्याला आपली दमणूक येते आणि आपण त्यालाच नापास करतो. एका सुंदर ग्रुपवर भाळू नका. मी चौघांतला सगळ्यात वाईट ग्रुप बघतो, ज्याचा वाईट ग्रुपही लहान तो लॉट घेतो.

मोजताना कागद फसवतो. ४.५ मिमीच्या गोळीचं भोक कागदावर तेवढंच दिसत नाही, कागद मागे सरतो आणि कडा परत येतात. म्हणून त्याच कागदावर कोपऱ्यात एकच गोळी मारा, तिचं भोक व्हर्नियरनं मोजा, आणि ग्रुपच्या बाहेरच्या कडा ते बाहेरच्या कडा या मापातून ते वजा करा. उरतं ते दोन टोकाच्या गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर. आमच्या निवडलेल्या लॉटचं ते एक मिलिमीटरच्या आसपास असतं. टाकून दिलेल्याचं तीनच्या वर होतं.

लॉट ठरला की त्याच दिवशी दुकानात फोन करा आणि त्याच नंबरचे डबे हंगामभर पुरतील इतके घ्या. "तोच माल आहे" या शब्दावर जाऊ नका, डब्याचा तळ फोटो काढून मागवा. .२२ ची काडतुसं वापरणाऱ्या मोठ्या मुलांनाही हेच लागू, लॉट नंबर त्यांच्या डब्यावरही असतो.

पेलेट शिशाचे असतात. हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. काही मुलं पेलेट ओठात धरून लोड करतात. ती सवय दिसली की तिथल्या तिथे मोडा.

किटबद्दल थोडक्यात. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटातल्या जॅकेटच्या अस्तराला बुरशी धरते, श्रावणात दोनदा सावलीत वारा द्या, ऊन नको. वाढत्या वयाच्या मुलाला जॅकेट घालून बटणं लावून बघा, गेल्या वर्षीचं यंदा घट्ट होतं आणि किट चेकला अडतं. कापडाची जाडी २.५ मिमीच्या आत हवी, ठिगळ किंवा नवं पॅडिंग लावलं असेल तर व्हर्नियरनं मोजा. रायफलीचं वजन साइटसकट साडेपाच किलोच्या आत. प्रवासी बॅग तोलायचा लटकता काटा पुरतो.

शेवटी अंगावर सगळं चढवून एक पूर्ण मॅच घ्या. पंधरा मिनिटं तयारी आणि साइटिंग (गुण न धरता नेम जुळवायच्या गोळ्या), मग ७५ मिनिटांत साठ शॉट, मोबाइलवर घड्याळ लावून. चाळीसाव्या शॉटला बुटाचा तळवा टोचतो का, घामानं चष्मा सरकतो का, ग्लोव्हची शिवण उसवली का, हे वीस शॉटच्या सरावात कधी समोर येत नाही. त्या दिवशी जे खुपलं ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं आणि पुन्हा एक मॅच. त्यानंतर कशालाच हात लावायचा नाही. ट्रिगरला तर नाहीच, मग कोणी कितीही सांगो.

स्पर्धेच्या जागी पोचल्यावर साइटिंगला पहिल्या गोळ्या बाजूला पडल्या तर लगेच क्लिक फिरवू देऊ नका. आधी नेलपॉलिशच्या रेघा बघायच्या, मग काट्यावरचा दाब, मग डब्याच्या तळाचा लॉट. तिन्ही ठीक असतील तर रेंजचा उजेड वेगळा आहे. मग खुशाल क्लिक फिरवा, आणि किती फिरवले ते वहीत त्या रेंजच्या नावापुढे लिहा.